५५५ च्या जागी ७ : अँटोन ड्रेक्सलरवरच्या लेखाच्या कामाच्या नोंदी

१३ जून

काम आजपासून सुरू. दिवाळी अंकासाठी लेख, मर्यादा चार हजार शब्द, मुदत १० ऑगस्ट. विषय अँटोन ड्रेक्सलर. फाइल उघडून पहिली ओळ टाइप केली तेव्हा लक्षात आलं की त्याचा जन्मही आजच्याच तारखेचा : १३ जून १८८४, म्युनिक.

संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "हा कोण? वाचक का वाचतील?" मी सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण पुढे काटछाट करताना हेच धरून राहायचं आहे. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे एस. टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरही मराठीत मिळतं. त्यात तो सांगतो की आपण पक्षात आलो तेव्हा आपल्याला ७ क्रमांकाचं सभासदपत्र मिळालं. सात माणसांचा पक्ष एका माणसाने वर आणला, ही गोष्ट तिथून आपल्याकडे पोचली आणि वक्ते ती सभांमधून सांगतात. ती खोटी आहे. ज्या माणसाने पक्ष काढला, हिटलरला आत घेतलं आणि सभासदपत्रावर सही केली, त्यानेच ती खोटी असल्याचं लिहून ठेवलंय. तो माणूस ड्रेक्सलर. त्याच्यावर मराठीत स्वतंत्र लेख मला अजून मिळालेला नाही.

१६ जून

पहिली अडचण त्याच्या धंद्याच्या शब्दाची. इंग्रजी पुस्तकांत तो लॉकस्मिथ असतो, त्यामुळे मराठीत एके ठिकाणी तो 'कुलुपं बनवणारा' झालेला दिसला. मूळ जर्मन शब्द 'वेर्कत्सॉयगश्लॉसर'. बाबांना विचारलं. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, बत्तीस वर्षं.

"बाबा, तो रेल्वेच्या कारखान्यात होता. हत्यारं बनवायचा, दुरुस्त करायचा."

"मग कुलपाचा काय संबंध? टूलरूमचा फिटर म्हण. वाइसमध्ये जॉब धरायचा, कानस मारायची, गेज लावून बघायचं. अख्ख्या शॉपची हत्यारं त्याच्या हातून जातात. अशा माणसाला सगळे ओळखतात."

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी सोन्याचं ठरलं. १९०२ पासून ड्रेक्सलर म्युनिकच्या रेल्वे कारखान्यात होता, आणि १९१९ मध्ये पक्ष काढायला जमले ते मुख्यतः त्याचे तिथलेच सहकारी. संपर्क कसा वाढला ते मी पुस्तकांत शोधत होते. लेखात 'टूलरूम फिटर' हाच शब्द राहील.

२२ जून

सुरुवातीच्या वर्षांचा तक्ता लावून झाला. तरुणपणी बर्लिनमध्ये बेकारीचे दिवस, पोटासाठी रात्री झिथर वाजवणं (झिथर हे मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवून छेडायचं तंतुवाद्य). तिथल्या कामगार संघटनांनी आपल्याला बाहेर काढलं असं त्याचं म्हणणं होतं, आणि हा राग त्याने आयुष्यभर सोडला नाही. पहिल्या महायुद्धात प्रकृतीमुळे सैन्यात घेतलं नाही. १९१७ मध्ये नौदलातला ॲडमिरल टिर्पिट्झ आणि राजकारणी काप यांच्या फादरलँड पक्षात गेला. हा पक्ष बड्या लोकांचा. जिंकलेला मुलूख परत न देता तह करा म्हणणारा.

मग ७ मार्च १९१८. 'चांगल्या तहासाठी स्वतंत्र कामगार समिती', सभासद चाळीसच्या आसपास. त्याच वर्षी जानेवारीत दारूगोळा कारखान्यांत मोठे संप झाले होते. शांतता हवी, भाकरी हवी, म्हणून लाखो कामगार रस्त्यावर होते. ड्रेक्सलरची समिती उभी राहिली ती ह्या संपकऱ्यांच्या विरोधात. कामगाराने लढाई सोडू नये, संप करू नये, आणि राग काढायचाच तर नफेखोरांवर काढावा. नफेखोर म्हणजे कोण, ह्याचं त्याचं उत्तर ठरलेलं होतं : ज्यू.

हा मुद्दा लेखात पहिल्या पानावरच यायला हवा. हिटलर भेटायच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट आहे. ड्रेक्सलरच्या डोक्यात ज्यूद्वेष कुणी बाहेरून आणून भरला नाही.

त्यानंतर कार्ल हारर भेटला. हा क्रीडा पत्रकार, थूले सोसायटी ह्या वंशवादी गुप्त मंडळाचा माणूस. दोघांनी मिळून 'राजकीय कामगार मंडळ' चालवलं, मोजक्या माणसांचं, दाराआड. पुढे ५ जानेवारी १९१९ ला म्युनिकच्या फ्युर्स्टनफेल्डर होफ ह्या खाणावळीत वीस-तीस जणांसमोर जर्मन कामगार पक्ष (पुढचा नाझी पक्ष) स्थापन झाला. बादशाही जाऊन दोन महिने झाले होते. बव्हेरियात सरकार समाजवादी कुर्ट आइसनरचं होतं, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा भर रस्त्यात खून झाला.

२३ जून

नाझी की नात्सी? मराठीत दोन्ही चालतात. 'नाझी' ठेवते, वाचकाच्या डोळ्यांना सवय आहे. म्युनिकही म्युनिकच राहील, म्युन्शेन नको.

२९ जून

१२ सप्टेंबर १९१९ ची संध्याकाळ चार वेळा लिहिली.

स्टेर्नेकरब्रॉय, म्युनिकच्या ताल नावाच्या रस्त्यावरचं बिअर पिण्याचं ठिकाण. आतल्या खोलीत चाळीसेक माणसं. वक्ता गोटफ्रीड फेडर. विषय भांडवलशाही कशी आणि कोणत्या मार्गाने संपवावी. लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातल्या कॅप्टन मायरने एक हेर पाठवलेला : हिटलर. भाषणानंतर प्रोफेसर बाउमान उठून म्हणाले की बव्हेरियाने जर्मनीतून फुटून निघावं, आणि हा हेर त्यांच्यावर तुटून पडला. ड्रेक्सलर शेजारच्या माणसाला बव्हेरियन बोलीत जे म्हणाला ते सगळ्या चरित्रांत येतं. त्यातला कळीचा शब्द 'गोश्न'.

गोश्न म्हणजे तोंड, पण सभ्य तोंड नव्हे. आधी 'ह्याच्याकडे वक्तृत्व आहे' लिहिलं. ते वाक्य प्राध्यापकाचं झालं. मग 'ह्याची जीभ चालते'. ते बायकांच्या भांडणातलं. शेवटी जे लिहिलं ते बाबांनी वाचून मान डोलावली : "अरे, काय थोबाड चालतंय ह्याचं! हा आपल्या कामाचा." वर्कशॉपमधला माणूस असंच बोलेल. 'कामाचा' हा शब्दही नेमका बसला, कारण ड्रेक्सलरला हवं होतं ते एक हत्यार.

बाहेर पडताना त्याने हिटलरच्या हातात स्वतःची पुस्तिका कोंबली, 'माझी राजकीय जागृती'. चाळीसेक पानं. एक कामगार मार्क्सवादातून कसा बाहेर पडला आणि त्याला 'खरा शत्रू' कसा दिसला, अशा थाटाची. काही दिवसांत एक कार्ड गेलं की तुम्हाला पक्षात घेतलं आहे. अर्ज न करताच!

१६ ऑक्टोबरला होफब्रॉयकेलरमधल्या सभेला १११ माणसं होती. पक्षाचा सभासद म्हणून हिटलरचं ते पहिलं जाहीर भाषण. हाररला असला गाजावाजा नको होता. तो जानेवारी १९२० मध्ये बाजूला झाला. ड्रेक्सलर अध्यक्ष झाला. तो हिटलरच्या बाजूने उभा राहिला म्हणूनच दार सताड उघडलं गेलं.

५ जुलै

आज सभासद यादी. १९२० च्या सुरुवातीला पक्षाने यादी तयार केली ती ५०१ पासून, पक्ष मोठा दिसावा म्हणून. क्रम दाखल झाल्याच्या तारखेचा नव्हता, आडनावांच्या अक्षरांचा होता. म्हणून ज्याने पक्ष काढला त्या ड्रेक्सलरचा क्रमांक ५२६ आणि हिटलरचा ५५५. पाचशे वजा केले की यादीत हा सव्विसावा, तो पंचावन्नावा. ड आधी, ह नंतर. एवढंच.

मग सात कुठून आला? पक्षाच्या समितीत आधी सहा जण होते. प्रचाराचं काम बघायला ड्रेक्सलरने हिटलरला घेतलं तो सातवा. समितीतला सातवा पुढे पक्षातला सातवा झाला. काही वर्षांनी सभासदपत्रावरचा ५५५ खोडून तिथे ७ घालण्यात आला, असं ड्रेक्सलरने लिहिलंय. पत्रावर सही त्याची आणि पक्षाचा कारभार बघणाऱ्या श्युसलरची, त्यामुळे मूळ आकडा त्याला पाठ असणारच.

६ जुलै

रविवार. जेवणाच्या टेबलावर बाबा आणि मी. आकडा खोडणं म्हणजे काय ते हाताने करून बघायचं होतं. जाड कार्डाचा तुकडा, दौतीची शाई, जुनी दाढीची पाती. मी ५५५ लिहिलं, वाळू दिलं. बाबांनी पाती आडवी धरून खरवडायला घेतलं, हलक्या हाताने, कानशीने पॉलिश मारावं तसं. निळे कण टेबलावर पडत गेले. पहिला पाच गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या शेपटाची सावली राहिली. मग तिथे ७ लिहिला तर शाई पसरली, कडा केसाळ झाल्या, कारण कागदाचा वरचा पापुद्रा निघून गेला होता.

बाबा कार्ड उजेडासमोर धरून म्हणाले, "इथे कागद पातळ झालाय, बघ. आणि तीन आकड्यांच्या जागेत एकच बसवलाय. दोन्ही बाजू मोकळ्या राहतात."

लेखाचं शीर्षक इथेच मिळालं. ते कार्ड डायरीत ठेवलंय.

१२ जुलै

पंचवीस कलमांचा कार्यक्रम. २४ फेब्रुवारी १९२०, होफब्रॉयहाउसचा मोठा हॉल, सुमारे दोन हजार माणसं. जाहिरातीतला मुख्य वक्ता डॉक्टर योहानेस डिंगफेल्डर होता. कलमं वाचून दाखवली हिटलरने. मसुदा त्याने आणि ड्रेक्सलरने मिळून केलेला, रात्र रात्र बसून. थोड्याच दिवसांत पक्षाच्या नावापुढे 'राष्ट्रीय समाजवादी' लागलं.

चौथ्या कलमावर अख्खा दिवस गेला. नागरिक फक्त 'फोल्क्सगेनोसं'च होऊ शकतो. फोल्क्सगेनोसं होण्यासाठी जर्मन रक्त हवं. म्हणून कोणताही ज्यू फोल्क्सगेनोसं होऊ शकत नाही. ह्या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोशाच्या वाटेने गेलं तर 'राष्ट्रबांधव', 'देशबांधव'. सकाळी तेच लिहिलं आणि पुढे गेले. दुपारी शेजारची मुलगी पुस्तक घेऊन आली, पहिल्या पानावर प्रतिज्ञा : भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत. आपल्या मराठीत बांधव हा शब्द 'सारे' ह्या शब्दाला चिकटून येतो. तोच शब्द मी माणसं वगळणाऱ्या कलमात घातला होता. खोडला. 'वंशबांधव' लिहिलं. कानाला खडबडीत लागतं, पण शब्दातलं विष दिसतं, आणि ते दिसलंच पाहिजे.

ह्या कलमाचं पुढे काय झालं तेही त्याच परिच्छेदात हवं : १५ सप्टेंबर १९३५, न्युरेंबर्ग, नागरिकत्वाचा कायदा. पंधरा वर्षांपूर्वी बिअर हॉलमध्ये वाचलेलं वाक्य देशाचा कायदा झालं आणि जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व गेलं.

१९ जुलै

१९२१ चा जुलै. हा भाग सगळ्यात सरळ लिहून झाला, कारण घटनाच एका चालीत आहेत.

ड्रेक्सलरला वाटत होतं की सारख्या विचाराच्या गटांनी एकत्र यावं. मार्चमध्ये त्साइट्सला जर्मन समाजवादी पक्षाशी बोलणी झाली, त्याने होकार दिला. हिटलरने राजीनाम्याची धमकी देऊन ते मोडलं. उन्हाळ्यात हिटलर बर्लिनला असताना ऑग्सबुर्गचा शिक्षक ओटो डिकेल म्युनिकमध्ये येऊन बोलला आणि लोकांना आवडला. पुन्हा एकत्र येण्याची चर्चा सुरू झाली. ११ जुलैला हिटलरने राजीनामा दिला. तीन दिवसांनी अटी : अध्यक्षपद आणि सर्वाधिकार. समितीने आठवड्याभरात मान तुकवली. कवी डिट्रिश एकार्टने मध्यस्थी केली. २६ जुलैला हिटलर पुन्हा सभासद झाला, ह्या वेळी क्रमांक ३६८०. २९ तारखेच्या सभेत ५५३ मतं त्याच्या बाजूने, १ विरुद्ध.

विरुद्ध पडलेलं ते एक मत ड्रेक्सलरचं नव्हतं. त्याला तहहयात मानद अध्यक्ष केलं गेलं.

इथे मला एक मत नोंदवायचंय, लेखात आलं नाही तरी चालेल. नेता गेला तर सभा भरणार नाहीत, सभा भरल्या नाहीत तर पैसा येणार नाही, ह्या हिशेबाने समितीने पक्षाची घटनाच त्याच्या हवाली केली. ड्रेक्सलर त्या समितीत बसून होता. अडवण्याची सगळ्यात सोपी वेळ तीच होती, सभासद तेव्हा फक्त काही हजार.

२४ जुलै

१९२३ ते १९२८ एका बैठकीत. ९ नोव्हेंबर १९२३ च्या हिटलरच्या फसलेल्या उठावात ड्रेक्सलर नव्हता. एप्रिल १९२४ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळात निवडून आला, फोल्किशर ब्लॉक ह्या वंशवादी गटाच्या यादीवर. ह्या गटाला २३ जागा मिळाल्या होत्या. १९२८ पर्यंत तो तिथे उपाध्यक्ष होता. खुर्चीवर चार वर्षं बसला, पण आपला ठसा उमटवावा असं त्याच्या हातून तिथे काही झालं नाही. लेखात दोन ओळी पुरेत.

२७ फेब्रुवारी १९२५ ला मात्र थांबायला हवं. हिटलर तुरुंगातून सुटून पक्ष नव्याने उभा करत होता. सभेचं अध्यक्षस्थान घ्या म्हणून ड्रेक्सलरला विचारलं गेलं. आधी हिटलरचा प्रचारक हेरमान एसरला काढा, ही त्याची अट. एसर काढला गेला नाही, ड्रेक्सलर गेला नाही. नव्या पक्षात हिटलरने सभासद क्रमांक घेतला १.

आकडे ओळीने मांडले : ५५५, ३६८०, १. आणि गोष्टीतला ७.

ड्रेक्सलरने स्वतःचा वेगळा गट काढला, तो १९२८ पर्यंत विरून गेला. भांडण एका माणसाच्या चारित्र्यावरून होतं. विचारांवरून नव्हतं, हे वाचकाला स्पष्ट दिसावं.

२७ जुलै

मसुदा वाचला आणि अस्वस्थ झाले. शेवटच्या दोन पानांत ड्रेक्सलर बिचारा झालाय. ज्याने घर बांधलं त्यालाच ओसरीवर बसवलं, अशी माझी वाक्यं. चष्म्याचा, किरकोळ अंगाचा कामगार, त्याला बाजूला सारणारा धूर्त वक्ता. ही गोष्ट सांगायला सोपी आहे आणि म्हणूनच धोक्याची.

तथ्यं पुन्हा मांडते. १९३३ मध्ये सत्ता आल्यावर तो पक्षात परत गेला. कुणी ओढून नेलं नाही. १९३४ मध्ये त्याला रक्तपदक मिळालं. हे पदक मुळात १९२३ च्या उठावात चाललेल्यांसाठी होतं, ज्यात तो नव्हता. त्याने ते घेतलं. स्टेर्नेकरब्रॉयमधली खोली पक्षाने स्मारक म्हणून जपली. छळछावण्या सुरू झाल्या होत्या, दाखाऊ म्युनिकपासून हाकेच्या अंतरावर. १९३५ चे कायदे आले, नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं, सिनागॉगं, जळाली.

आणि जानेवारी १९४० मध्ये त्याने हिटलरला पत्र लिहायला घेतलं. तक्रार कशाची? तुम्ही पक्षाचे सातवे सभासद कधीच नव्हता, फार तर समितीचे सातवे. मूळ सभासदपत्र खोटं केलं गेलंय. माझ्या कामाची नोंद पुसली जातेय. पोलंड चिरडला गेला होता. त्याला सलत होता तो आकडा. पत्र त्याने पाठवलंही नाही.

'बिचारा' छापाची सगळी वाक्यं काढली. अकरा निघाली.

२ ऑगस्ट

ड्रेक्सलर २४ फेब्रुवारी १९४२ ला म्युनिकमध्ये वारला. कार्यक्रम वाचला गेला त्याला त्या दिवशी बरोबर बावीस वर्षं झाली होती. लेख तिथेच संपवायचा विचार होता, तारखांचा मेळ छान दिसतो म्हणून. पण छान दिसणं हे कारण पुरेसं नाही.

त्याऐवजी तीन महिने मागे जाते. २० नोव्हेंबर १९४१, म्युनिक, मिल्बर्ट्सहोफेनचं मालधक्का स्टेशन. शहरातले सुमारे एक हजार ज्यू, बाया, पोरं, म्हातारी माणसं, एका गाडीत भरली. गाडी लिथुएनियातल्या काउनासला गेली. २५ नोव्हेंबरला त्या सगळ्यांना तिथल्या नवव्या किल्ल्यात गोळ्या घातल्या.

बाबांना हा परिच्छेद वाचून दाखवला. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारलं, "गाडी त्याच रेल्वेची?"

"हो. तोवर बव्हेरियाची रेल्वे देशाच्या रेल्वेत गेली होती. पण शहर तेच."

"इंजिन कुणीतरी तपासलं असेल, ब्रेक बघितले असतील. सह्या असतील." ते उठून गॅलरीत गेले. बत्तीस वर्षांत गाडी सोडताना अशा किती कागदांवर त्यांनी सही केली असेल. मी त्यांच्या मागे गेले नाही.

८ ऑगस्ट

४,६५० शब्द. साडेसहाशे कापायचे. कापलं : बर्लिनच्या दिवसांचा तपशील, पक्षाने वृत्तपत्र विकत घेण्याची हकीगत (डिसेंबर १९२०, किंमत १,२०,००० मार्क, त्यातले ६०,००० लष्कराच्या हातून आलेले, जीव तुटला, पण त्यात ड्रेक्सलर कडेला आहे), विधिमंडळाच्या उरलेल्या दोन ओळींतली एक.

संपादकबाईंना मिल्बर्ट्सहोफेनचा परिच्छेद लांब वाटतो. "ड्रेक्सलरचा त्या गाडीशी थेट संबंध काय?" मी चौथं कलम वाचून दाखवलं, 'वंशबांधव' सकट. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण मग कलम आणि गाडी ह्यांच्यात पानं कमी असू देत." बरोबर आहे त्यांचं. कलमाचा मजकूर पुढे आणून गाडीच्या आधी एकदा पुन्हा दिला, जसाच्या तसा, काही न जोडता.

१० ऑगस्ट

४,०१० शब्द. रात्री नऊला लेख पाठवला. चित्र म्हणून आमच्या टेबलावरचं खरवडलेलं कार्ड देते आहे. खाली 'लेखिकेच्या घरी केलेला प्रयोग' असं ठळक छापायला सांगितलं, नाहीतर कुणी ते मूळ सभासदपत्र समजेल. फोटो बाबांनी धरलेल्या कार्डाचा, खिडकीच्या उजेडात, पातळ झालेला कागद दिसेल असा.